उजवीकडचा रस्ता बंद आहे

शोरूममध्ये पाणी फुकट मिळतं, कॉफी फुकट मिळते, एसीची हवा तर दार उघडल्याबरोबर अंगावर येते. खरं उत्तर तेवढं मिळत नाही. हे मी चिडून म्हणत नाही, अनुभवानं म्हणतो. बावीस वर्षं गोड बोलून उत्तरं चुकवणाऱ्यांत मीही होतो.

माझं नाव रमेश डहाके. नागपूरला कळमन्याच्या बाजूला गाड्यांचं एक शोरूम आहे, तिथे मी टेस्ट ड्राइव्हचा माणूस होतो. गाड्या विकणारे वेगळे. ते टाय लावायचे, टेबलाशी बसायचे, हप्त्याचं बोलायचे. माझ्याकडे फक्त किल्ली. गिऱ्हाइकानं गाडी चालवून पाहायची आणि मी त्याच्या डावीकडे बसून तिचे गुण सांगायचे. आमच्याकडे शेवटी गाडी विकली जायची ती त्या पंधरा मिनिटांत, टेबलावर नाही. टायवाल्यांना हे पटत नसे.

यंदा माझ्या मुलीनं, प्राचीनं, गाडी घ्यायची काढली. छोटी एसयूव्ही, दहा-बारा लाखांत बसणारी. निमित्त तिची आई. कुसुमच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, आठवड्यातून दोनदा तिला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि ऑटोत बसली की प्रत्येक खड्ड्याला ती माझा हात इतका घट्ट धरते की घरी येईपर्यंत वळ उठलेले असतात. प्राची म्हणाली, "बाबा, तुमची जिंदगी गाड्यांमध्ये गेली. तुम्हीच सांगा कोणती घ्यायची." आणि मला सांगता येईना. तीन आठवडे सांगता आलं नाही.

आधी आमचा धंदा सांगतो, म्हणजे माझी अडचण कळेल.

छोटी एसयूव्ही म्हणजे काय? आपली नेहमीची छोटी गाडीच, फक्त उंच टाचेच्या चपला घातलेली. त्यात वाईट काही नाही. ज्याचे गुडघे दुखतात त्याला खाली वाकून बसावं लागत नाही, नुसतं सरकून बसता येतं, हे फार मोठं सुख आहे. पण त्या उंचीची एक किंमत असते. गाडी वळणावर डोलू नये म्हणून खालच्या स्प्रिंगा कडक ठेवतात. पुढच्या सीटवर ते कळत नाही, कारण पुढचा माणूस पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे बसतो. मागचा माणूस जवळजवळ चाकाच्या डोक्यावर बसतो. खड्डा आला की पुढच्याला आवाज येतो आणि मागच्याला धक्का. लोक मात्र छतातली काच पाहतात. नागपूरच्या मे महिन्यात त्या काचेखाली पांढरा टॉवेल बांधून फिरणारे मी पाहिले आहेत.

आता टेस्ट ड्राइव्ह. गिऱ्हाईक येणार असलं की पाव तास आधी गाडी सावलीत लावून एसी सुरू करायचा. चाकातली हवा चार पॉइंट कमी ठेवायची, गाडी मऊ चालते. मागे दोनच माणसं बसवायची, जास्त बसली की चढावर इंजिनाचा दम कळतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, गेटमधून बाहेर पडलं की डावीकडे वळायचं. डावीकडे नवा सिमेंटचा रस्ता, पुढे मोठा चौक, तिथून परत. चार किलोमीटरमध्ये एक खड्डा नाही. उजवीकडे रेल्वेचा पूल, त्याचा चढ, आणि पुलापलीकडे संत्र्याच्या आणि धान्याच्या ट्रकांनी खाऊन टाकलेला रस्ता. गाडी काय चीज आहे ते तिकडे कळलं असतं. म्हणून आम्ही तिकडे जात नसू.

सुरुवातीला तशी सक्ती नव्हती. ती झाली बंडूभाऊंमुळे. बंडूभाऊ कळमन्याच्या बाजारातले संत्र्याचे दलाल. पांढरा झब्बा, खिशात दोन मोबाइल, तोंडात सुपारी. आले ते संत्र्याचे दोन क्रेट घेऊनच. एक स्वतः उचलून मागच्या सीटवर ठेवला, दुसरा डिक्कीत.

मी म्हटलं, "भाऊ, हे काहून?"

"माणसं मायासंग खोटं बोलतात, माल नाही बोलत. चाल, उजवीकडे घेतो."

पूल चढलो. पलीकडच्या रस्त्यावर बंडूभाऊंनी गाडी अशी हाणली की मला आतडी जागेवर आहेत का ते चाचपावंसं वाटलं. मी आपलं चालूच ठेवलं होतं, "भाऊ, पिकअप पाहा, स्टिअरिंग किती हलकं आहे पाहा." परत येऊन त्यांनी दोन्ही क्रेट उघडले. डिक्कीतल्या क्रेटमधली खालची रांग पार पिचकली होती. सीटवरच्या क्रेटमधलीही बरीच फुटली होती, रस सीटवर उतरला होता. मी पुन्हा तोंड उघडलं तसे ते म्हणाले, "माल बोलून राहिला ना गा. तू नोको बोलू."

गाडी त्यांनी घेतली नाही. मॅनेजरसाहेबांनी मला आत बोलावलं. सीट मला पुसावी लागली आणि त्या दिवसापासून हुकूम निघाला की कोणीही उजवीकडे न्या म्हटलं तर सांगायचं, तिकडे काम चालू आहे, रस्ता बंद आहे. नागपुरात कुठला ना कुठला रस्ता खोदलेला असतोच, त्यामुळे कोणाला शंका येत नसे. लोकच उलट मला समजावत, "हो ना भाऊ, परेशान करून सोडलं या खोदकामानं." मीही मान हलवायचो. पुढे पुढे इतकी सवय झाली की घरी जाताना त्याच रस्त्यानं जायचो आणि मला काही वाटायचंही नाही.

गिऱ्हाइकांवर मात्र मी फार संशय घ्यायचो. एक साहेब दर महिन्याला बायकोमुलांसह यायचे, टेस्ट ड्राइव्ह घ्यायचे, मुलं फोटो काढायची, कॉफी प्यायची, आणि जाताना साहेब "विचार करून सांगतो" म्हणायचे. त्यांना रविवारची सहल फुकटात पडत होती हे मी तिसऱ्या खेपेला ओळखलं. गांधीबागेतले एक कापडवाले होते, त्यांनी सोबत आईला आणलं होतं. ती बाई गाडीत काही बोलली नाही, इंजिन पाहिलं नाही, फक्त चार वेळा उतरली आणि चार वेळा चढली. पाचव्यांदा म्हणाली, "घे रे, हिच्यात कोनाचा हात लागत नाही मले." मला वाटलं म्हातारीला कोणीतरी पढवून आणलंय, भाव पाडायला. बिचारीला फक्त कोणाच्या हाताचा आधार नको होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं लिहितो आहे, त्या मेश्रामबाई.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा चार दिवसांवर होता. आमच्याकडे दसऱ्याला वीस-पंचवीस गाड्या एका दिवसात निघतात, त्यामुळे त्या आठवड्यात कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. मेश्रामबाई मौद्याच्या, शाळेत शिक्षिका. यजमान तिथल्या वीज प्रकल्पात ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन होते. शिडीवरून पडले आणि पाठ गेली. बुधवारी आणि शनिवारी नागपूरला फिजिओथेरपीला यावं लागे, बसनं. बाईंनी गाडी पसंत करून ठेवली होती, फक्त चालवून पाहायची होती. भाचा चालवणार होता. त्यांना डिलिव्हरी दसऱ्यालाच हवी होती.

मी म्हटलं, "मुहूर्त ना ताई?"

त्या म्हणाल्या, "मुहूर्त नाही भाऊ. दीक्षाभूमीवर न्यायचं आहे यांना. पडल्यापासून दोन वर्षं गेले नाहीत. त्याच्या आधी एक साल चुकलं नव्हतं. गर्दीत गाडी जाणार नाही मले माहीत आहे, जितकी जवळ जाईल तितकी नेईन."

मेश्रामभाऊंना मागची सीट दिली होती. आपल्याकडे आजारी माणूस, म्हातारं माणूस, मानाचं माणूस, सगळ्यांना मागे बसवतात. पुढे ड्रायव्हर आणि पोरं. भाचा स्टिअरिंगवर, मी डावीकडे. गेटपाशी बाई मागून म्हणाल्या, "भाऊ, उजवीकडे घ्यायला सांगा ना. पुलावरून. आमचा रोजचा रस्ता तोच आहे, यांच्या पाठीले कसं लागते ते पाहाचं आहे."

मी मान न वळवता म्हटलं, "तिकडचा रस्ता बंद आहे ताई. काम चालू आहे."

त्याच वेळी पुलावरून मौद्याची बस खडखडत उतरली आणि आमच्यासमोरून गेली. ज्या बसनं तासाभरापूर्वी हे दोघं आले होते, तशीच बस, त्याच रस्त्यानं. मी आरशात पाहिलं. बाई माझ्याकडेच पाहत होत्या. मी भाच्याला म्हटलं, "डावीकडे घे बेटा," आणि एसी वाढवला.

परत आल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुमची असती तर घेतली असती का, भाऊ?"

"डोळे मिटून, ताई," मी म्हणालो.

दसऱ्याला त्या गाडी घेऊन गेल्या. चाकाखाली लिंबू नको म्हणाल्या, गाडीला हार घातला, यजमानांना मागे उशा लावून बसवलं. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत उभा होतो. त्यानंतर त्या सर्व्हिसिंगला यायच्या तेव्हा मी पाणी थंड करायच्या मशीनमागे जाऊन उभा राहायचो. मोठा माणूस, पांढऱ्या केसांचा, मशीनमागे लपतो आहे! पण त्यांच्यासमोर जायला मला लाज वाटायची, हे खरं आहे.

प्राचीसोबत मी यंदा तीन शोरूम पाहिली आणि तिन्हीकडे तिचं डोकं उठवलं. एकीकडे चाकातली हवा मोजायचं मीटर खिशातून काढलं. दुसरीकडे गाडी गार लागली म्हणून "एसी केव्हापासून सुरू आहे?" अशी उलटतपासणी घेतली. तिसऱ्या ठिकाणी कुसुमही सोबत होती; टेस्ट ड्राइव्हवालाच स्टिअरिंगवर होता, त्याला गेटपाशीच म्हटलं, "उजवीकडे घ्या." तो चाळिशीचा, शांत माणूस होता. म्हणाला, "काका, तिकून रस्ता बंद आहे. काम चालू आहे."

मी हसलो. असा हसलो की कुसुमनं मागून माझ्या खांद्याला चिमटा काढला. म्हटलं, "मले नोको सांगू गा. बावीस वर्षं मीच सांगितलं हे. घे उजवीकडे."

त्यानं निमूटपणे घेतली. दोनशे मीटरवर रस्ता आडवा खोदलेला होता. जेसीबी उभा, पाइप पडलेले, पत्र्यावर लाल अक्षरांत 'रस्ता बंद' लिहिलेलं. गाडी उलटी घेताना कुसुमला दोन-तीन गचके बसले आणि ती "आई गं" म्हणाली. घरी आल्यावर प्राची म्हणाली, "बाबा, तुम्ही काहून असे करून राहिले? जगात सगळेच खोटे आहेत का?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मुलीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. माझा संशय त्या माणसावर नव्हताच. त्याच्या जागी बसलेला माणूस मला नीट माहीत होता, तो मी होतो.

पसंत पडलेली गाडी नेमकी तीच निघाली, मेश्रामबाईंची, तिचंच नवं रूप. दिवे बदललेले, आतला स्क्रीन मोठा झालेला, स्प्रिंगा कशा आहेत कोण जाणे. प्राची म्हणाली, "घेऊ का मग?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की या गाडीबद्दल खरं सांगेल असं नागपूर जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तिच्याशी मी खोटं बोललो आहे.

एका बुधवारी मी बसनं मौद्याला गेलो. मेश्रामबाईंचं घर शोधावं लागलं नाही, बसस्टँडवरच्या चहावाल्याची मुलगी त्यांच्या वर्गात होती. गाडी अंगणात उभी होती, धुतलेली. बाईंनी मला लगेच ओळखलं. या म्हणाल्या, खुर्ची दिली, चहा ठेवला. मला त्या चहाचाही संशय आला. इतकं बरं वागतात म्हणजे नक्की मनात काहीतरी आहे. ही बाई आता म्हणेल, "डोळे मिटून घ्या," आणि हिशेब चुकता करेल. मी असतो तर केला असता.

मी कुसुमचं सांगितलं. मग विचारलं, "ताई, घेऊ का ही गाडी?"

त्या म्हणाल्या, "आधी एक सांगा. त्या दिवशी रस्ता बंद होता का?"

"नव्हता."

"मले माहीत होतं. आम्ही तिकूनच तर आलो होतो."

"मग घेतली काहून, ताई?"

बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मेश्रामभाऊ काठी टेकत येत होते. "यांनी त्या दिवशी गाडीचं दार स्वतः उघडलं," त्या म्हणाल्या. "स्वतः सरकून बसले. माझा हात धरला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा. ते पाहिलं आणि मग मले बाकी काही ऐकाचंच नव्हतं. तुम्ही खोटं बोलून राहिले हे दिसत होतं, तरी म्हटलं, बोलू दे."

मेश्रामभाऊ खुर्चीत बसत म्हणाले, "दीक्षाभूमीवरून आलो आणि तीन दिवस पडून होतो. उताणं होता येत नव्हतं."

"मग एक दिवस भाचा नव्हता," बाई म्हणाल्या, "शेजारच्यांनी नेलं आणि यांना पुढे बसवलं. काही झालं नाही. जाऊन आले, जेवले, झोपले. तवापासून हे पुढे. मी चालवाले शिकली. भाऊ, रस्त्याचं जाऊ द्या, तुमची नोकरी होती. पण यांना मागे नोको बसवू, पुढे बसव, एवढं एक वाक्य तुम्हाले माहीत होतं ना?"

माहीत होतं. गाडीच्या कुठल्या सीटवर किती धक्का बसतो हे मला माझ्या घराच्या पायऱ्यांइतकं माहीत होतं. ते सांगितल्यानं गाडी विकायची राहिली नसती, मॅनेजर ओरडला नसता, कोणाचं काही गेलं नसतं. गुणच सांगायचे अशी जिभेला सवय लागली होती, म्हणून मी ते सांगितलं नाही. मी मान खाली घातली आणि "चुकलं, ताई" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"चला," बाई उठल्या, "आमचा आज दवाखान्याचा दिवस आहे. सोडून देतो तुम्हाले नागपूरले. मागे बसा."

मेश्रामभाऊंनी पुढचं दार स्वतः उघडलं, काठी आत ठेवली आणि सरकून बसले. मी मागे बसलो. हायवेला काही कळलं नाही, गप्पा झाल्या, शाळेचं झालं, पेन्शनचं झालं. नागपूर जवळ आलं, ट्रकांचा रस्ता सुरू झाला आणि गप्पा माझ्या बाजूनं बंद पडल्या. बाई काही मुद्दाम हाणत नव्हत्या, सावकाशच चालवत होत्या. तरी पहिल्या खड्ड्याला माझे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्याला कमरेतून कळ निघाली ती मानेपर्यंत गेली. तिसऱ्याला मी दाराच्या वरची कडी दोन्ही हातांनी धरली. पुढे मेश्रामभाऊ खिडकीतून बाहेर पाहत होते, त्यांच्या मांडीवरची पाण्याची बाटली नुसती डुचमळत होती.

"कसं वाटून राहिलं, भाऊ?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"लागते," मी म्हणालो. "पाठीले फार लागते."

"हं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

पूल चढून उतरलो. समोर आमचं शोरूम, काचेत नव्या गाड्या, गेटपाशी टेस्ट ड्राइव्हची पांढरी गाडी उभी. बाईंनी तिथे वेग कमी केला. आरशात आमची नजर पुन्हा एकदा भेटली, सहा वर्षांपूर्वीसारखीच.

"रस्ता उघडा आहे ना, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"आहे, ताई," मी म्हणालो, आणि माझे डोळे भरून आले.

प्राचीनं तीच गाडी घेतली. घेण्याआधी मी तिला सगळं सांगितलं, मशीनमागे लपायचंसुद्धा. पुढे बसायला कुसुम आधी लाजली, "मी पुढे, तुम्ही मागे, लोक काय म्हणतील?" म्हणाली. आता तिला सवय झाली आहे. प्राची चालवते, कुसुम तिच्या शेजारी बसून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचते, आणि माझा हात धरत नाही. मी मागे बसतो. बावीस वर्षं मी गाडीतल्या बऱ्यातल्या बऱ्या सीटवर बसून मागच्यांना सांगत होतो की काही लागणार नाही. त्या बावीस वर्षांत मी एकदाही मागे बसून पाहिलं नव्हतं.